चर्चमध्ये राष्ट्रध्वज आणि ख्रिस्ती ध्वज शेजारी शेजारी: जागा कुठे असावी?

रानजाई:

आमच्या चर्चचं नूतनीकरण संपत आलंय. काम सुरू होताना पुलपिटाच्या (प्रवचनाच्या चौथऱ्याच्या) दोन बाजूंना उभे असलेले दोन झेंडे, एक अमेरिकेचा आणि एक ख्रिस्ती ध्वज, काढून संडे स्कूलच्या खोलीत ठेवले होते. आता ते परत कुठे उभे करायचे यावरून चर्च कमिटीत सरळ दोन तट पडलेत. मी कमिटीवर आहे. इथे अमेरिकेत राहणारे बरेच जण आहेत, ख्रिस्ती आहेत, नसलेलेही आहेत, म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ख्रिस्ती ध्वज म्हणजे पांढरं कापड, वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात लाल क्रूस. इथल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चमध्ये तो असतो. आमची जोडी जुनी आहे. दोन्हींना सोनेरी झालर, राष्ट्रध्वजाच्या काठीवर पितळी गरुड, दुसऱ्याच्या काठीवर पितळी क्रूस. राष्ट्रध्वजाच्या बैठकीवर एक पट्टी आहे: युद्धात गेलेल्या, आपल्या मंडळीतल्या मुलांच्या स्मरणार्थ. खालची नावं घासून पुसट झालीयत.

ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, होते तिथेच ठेवा. त्यातले काही स्वतः सैन्यात होते. गेल्या काही वर्षांत आलेली कुटुंबं, त्यात आमच्यासारखी इतर देशांतून आलेली बरीच, म्हणतात की उपासनेच्या वेळी समोर कुठल्याही देशाचा झेंडा नको. आणि तिसरा वाद अगदी साधा, पण तोच सगळ्यात तापलाय: राष्ट्रध्वज डावीकडे की उजवीकडे?

माझं मत आधीच सांगते. राष्ट्रध्वजाला चर्चमध्ये जागा असावी, मानाची असावी, पण सगळ्यांची तोंडं जिकडे असतात तिथे क्रूस, बायबल आणि प्रभुभोजनाचं मेज एवढंच असावं. हे कुणाचं मन न दुखावता कसं मांडावं, ते मला कळत नाहीये.

उंबरा:

डाव्या-उजव्याचं आधी मिटवू, कारण त्याला उत्तर आहे.

अमेरिकेचा फ्लॅग कोड, म्हणजे राष्ट्रध्वजाची नियमावली, १९२३ साली एका परिषदेत तयार झाला आणि १९४२ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) तो स्वीकारला. त्यात चर्चचा उल्लेख नाव घेऊन आहे. आजचा नियम असा: चर्चमध्ये किंवा सभागृहात काठीवर लावलेला राष्ट्रध्वज लोकांच्या समोर, पाळकाच्या उजव्या हाताला असावा, पाळकाचं तोंड लोकांकडे असताना. दुसरा कुठलाही ध्वज पाळकाच्या डावीकडे. म्हणजे बाकावर बसलेल्याला राष्ट्रध्वज आपल्या डाव्या बाजूला दिसतो. अर्धे वाद इथेच होतात, एक जण पुलपिटावरून बघतो आणि दुसरा बाकावरून.

उरलेले अर्धे वाद जुन्या नियमामुळे. १९७६ च्या दुरुस्तीआधी दोन वेगळ्या जागांना दोन वेगळे नियम होते. ध्वज वेदीच्या उंच भागात असेल तर पाळकाच्या उजवीकडे, आणि खाली लोक बसतात त्या भागात असेल तर लोकांच्या उजवीकडे. तुमच्या ज्येष्ठांपैकी दोघं ठामपणे उलटसुलट सांगत असतील, तर दोघंही त्यांच्या तरुणपणी शिकलेलं बरोबरच सांगत असण्याची शक्यता आहे. त्यांना हे जरूर सांगा, त्याने खोलीतलं वातावरण निवळतं.

मात्र हा कोड सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे. चर्चने तो पाळला नाही तर दंड नाही, शिक्षा नाही. झेंडा लावाच अशी सक्ती तर मुळीच नाही.

सागरगोटा:

उंबरा यांच्या माहितीत एक भर. राष्ट्रध्वजाच्या वर दुसरा ध्वज नको, या नियमाला कोडमध्येच एक अपवाद आहे. नौदलाच्या जहाजावर, समुद्रात, नौदलाचे धर्मगुरू उपासना घेत असतील तेवढा वेळ चर्चची पताका राष्ट्रध्वजाच्या वर फडकवता येते. पांढरी निमुळती पताका, त्यावर निळा क्रूस. उपासना संपली की उतरवतात. ज्यूंच्या प्रार्थनेसाठीही तशी वेगळी पताका आहे.

मला हा अपवाद फार आवडतो. जहाज सरकारचं, माणसं सरकारी गणवेशात, तरी तेवढ्या वेळापुरतं देवाला वरची जागा द्यायला सरकारच तयार झालंय.

रानजाई:

सागरगोटा, हे कमिटीत नक्की सांगणार. आमच्याकडे नौदलातले एक निवृत्त काका आहेत, त्यांनी ती पताका पाहिली असेल.

उंबरा, मग एक शंका येते. कोडप्रमाणे राष्ट्रध्वजाला सर्वांत ठळक जागा द्यायची आणि ख्रिस्ती ध्वज दुय्यम बाजूला, असं झालं. म्हणजे चर्चच्या आत, क्रूसाखाली, क्रूसाचा झेंडा दुसऱ्या नंबरावर?

उंबरा:

हो, तसंच होतं. आणि उलटं केलं, ख्रिस्ती ध्वज मानाच्या बाजूला घेतला, तर कोड मोडतो आणि सैन्यातून आलेल्या माणसाला ते लगेच खुपतं. ध्वजांचं सगळं शास्त्रच क्रम लावण्याचं आहे. दोन झेंडे शेजारी उभे केले की एक मोठा आणि एक धाकटा ठरणारच. तिसरी वाट त्यात नाही.

२०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शेल्बी गावच्या एका बॅप्टिस्ट चर्चने मुद्दाम ख्रिस्ती ध्वज एकाच खांबावर राष्ट्रध्वजाच्या वर चढवला होता. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरचे ते दिवस. आपली निष्ठा आधी देवाशी, हे दाखवायला. कायद्याने कुणी काही करू शकलं नाही, पण देशभर चर्चा झाली. ते बरोबर की चूक यात मी शिरत नाही. क्रमच बोलतो, एवढं त्यातून दिसतं.

कॅथलिकांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्याकडे बहुतेकदा पिवळा-पांढरा व्हॅटिकनचा ध्वज असतो, आणि १९२९ पासून तो एका सार्वभौम राज्याचा ध्वज आहे. दोन राष्ट्रांचे ध्वज असतील तर वेगळ्या काठ्या, सारखी उंची आणि साधारण सारखा आकार असावा, असं कोड सांगतो. ख्रिस्ती ध्वज कुठल्याच राज्याचा नाही, त्यामुळे त्याला ही सवलत मिळत नाही.

कंदील:

ख्रिस्ती ध्वजाचा इतिहास कमिटीसमोर ठेवा, कारण तो प्राचीन आहे असा अनेकांचा समज असतो.

२६ सप्टेंबर १८९७, न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडवरचं ब्रायटन चॅपेल. संडे स्कूलच्या मेळाव्याला ठरलेला वक्ता आलाच नाही. तिथले प्रमुख चार्ल्स ओव्हर्टन यांना आयत्या वेळी बोलायला उभं राहावं लागलं. समोर अमेरिकेचा झेंडा होता. त्यावरून बोलता बोलता ते म्हणाले, ख्रिस्ती लोकांचाही एक झेंडा असायला हवा, आणि तो कसा असावा तेही त्यांनी मुलांना सांगितलं. पुढे १९०७ मध्ये राल्फ डिफेनडॉर्फर यांच्याबरोबर त्यांनी तो प्रत्यक्षात आणला. १९०८ मध्ये मेथडिस्ट पाळक लिन हॅरोल्ड हफ यांनी त्याची प्रतिज्ञा लिहिली. १९४२ मध्ये फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस या प्रॉटेस्टंट चर्चच्या महासंघाने तो स्वीकारला. ओव्हर्टननी त्याचं पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरावा म्हणून तो मोकळा ठेवला.

म्हणजे हा ध्वज जन्मला तोच राष्ट्रध्वजाकडे बघून. रंग तेच, रचनाही तशीच. जोडीने उभं राहायची त्याची सवय पहिल्या दिवसापासूनची आहे.

पिंपळपान:

मी ख्रिस्ती नाही, भारतात राहतो, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. भारताच्या ध्वजसंहितेत (२००२) ही जोडी बसतच नाही. राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर, किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा ध्वज लावू नये, असं तिथे स्पष्ट आहे. इतर राष्ट्रांच्या ध्वजांपुरता वेगळा नियम आहे. त्यामुळे चर्च असो, देऊळ असो, दर्गा असो, १५ ऑगस्टला अंगणात तिरंगा लागतो आणि धर्माचा ध्वज आपल्या जागी वेगळा असतो.

तुमचा प्रश्न वेगळा आहे, तुमच्याकडे शेजारी लावायला परवानगी आहे. पण परवानगी आहे म्हणून शेजारीच लावले पाहिजेत असं कुठे आहे? दोन्ही ठेवा, दोन जागी ठेवा.

टाकसाळ:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आतापर्यंत ती कुणी नीट मांडली नाही.

रानजाई ताई, त्या पट्टीवरची नावं हा तुमच्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे. बहुतेक चर्चमध्ये झेंडा आत आला तो देशभक्तीचा देखावा म्हणून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात मंडळीतली मुलं आघाडीवर होती, त्यांच्यासाठी दर रविवारी प्रार्थना व्हायची, आणि ती प्रार्थना जिथे व्हायची तिथे झेंडा उभा राहिला. ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिच्यासाठी तो झेंडा म्हणजे तिचा मुलगा होता. तो उचलून संडे स्कूलच्या खोलीत ठेवणं आणि वर परत आणायचा की नाही यावर मतदान घेणं, हे त्या घरातल्या लोकांना कसं लागत असेल?

इंग्लंडचं उदाहरण देतो. डेव्हिड रेल्टन नावाचे सैन्यातले पाद्री पहिल्या महायुद्धात एक युनियन जॅक सोबत बाळगायचे. तोच खोक्यावर अंथरून प्रभुभोजनाचं मेज व्हायचं, तोच मेलेल्या सैनिकावर पांघरला जायचा. ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबी या चर्चमध्ये अज्ञात सैनिकाला पुरलं, तेव्हा त्याच्या शवपेटीवर हाच झेंडा होता. पुढच्या वर्षी तो अॅबीत टांगला गेला आणि आजही तिथे आहे. त्याला तिथे जागा नाही असं कोण म्हणेल?

आणि आम्ही बाहेरून आलेले. इथे चर्चला जायला कुणाची परवानगी लागत नाही. उपासना मोकळेपणाने करता येते ती ज्या व्यवस्थेमुळे, तिचं हे चिन्ह आहे. १९४३ चा बार्नेट खटला बघा. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक झेंड्याला वंदन करत नाहीत म्हणून त्यांच्या मुलांवर शाळेत सक्ती होत होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशी ती सक्ती रद्द केली, आणि निकालाचा दिवस होता १४ जून, म्हणजे इथला ध्वजदिन. त्याच्या तीनच वर्षं आधी याच न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला होता. वंदन न करायचाही हक्क देणारा झेंडा आहे हा. त्याच्याबद्दल कृतज्ञता दाखवायला चर्च ही वाईट जागा नाही.

रानजाई:

टाकसाळ दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पट्टीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. कमिटीत कुणीही "झेंडा काढून टाका" असा शब्द वापरू नये, हे मी पहिल्यांदा सांगणार आहे.

पण रेल्टन यांचा झेंडा माझ्याही बाजूने बोलतो. तो एका कबरीशी जोडलेला आहे, मेलेल्यांच्या आठवणीशी. तो आज अॅबीच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये आहे, मुख्य वेदीपाशी नाही. बघणाऱ्याला कळतं की हा कुणासाठी आहे. आमचा झेंडा पुलपिटाशेजारी उभा होता तेव्हा त्याच्या बैठकीवरची पट्टी बाकावरून कुणालाच दिसत नव्हती. इतकी वर्षं या चर्चमध्ये जाऊनही ती नावं मी पहिल्यांदा वाचली ती बैठक खाली, खोलीत नेली तेव्हा.

दीपमाळ:

कॅथलिक बाजू मी सांगते. अमेरिकेतल्या बिशपांच्या परिषदेने झेंड्यांना मनाई केलेली नाही, निर्णय स्थानिक बिशपांवर सोडलाय. पण वेदी, वचनपीठ, धर्मगुरूंचं आसन आणि पवित्र प्रसादाची पेटी असते त्या भागात झेंडे ठेवू नयेत, असं बिशप सुचवतात. पर्यायही देतात: प्रवेशाच्या दालनात झेंडा, आणि त्याच्याजवळ प्रार्थनेच्या विनंत्या लिहायची वही. टाकसाळ यांनी युद्धातल्या मुलांचं जे सांगितलं, नेमकं तेच कारण बिशपांनीही दिलंय.

दुसरी गोष्ट अंत्यविधीची. सैनिकाची शवपेटी राष्ट्रध्वज पांघरून चर्चच्या दारापर्यंत येते. दारात झेंडा काढतात, नीट घडी करतात, आणि पेटीवर पांढरं वस्त्र घालतात, बाप्तिस्म्याच्या वेळच्या वस्त्राची आठवण म्हणून. मिस्सा संपून पेटी बाहेर आली की झेंडा परत पांघरला जातो. मी हे जवळून पाहिलंय. घडी घालणाऱ्या गणवेशातल्या मुलांचे हात इतके सावकाश चालतात की त्यात अपमानाचा लवलेशही वाटत नाही. आत सेनापती असो की भाजीवाला, सगळ्यांवर तेच पांढरं वस्त्र. रानजाई, तुमच्या ज्येष्ठांना कोडची कलमं दाखवण्याआधी हे सांगा.

कंदील:

टाकसाळ यांनी सांगितलेलं दुसऱ्या महायुद्धाबद्दल खरं आहे. पण पहिल्या महायुद्धातलं चित्र वेगळं होतं, तेही बोललं पाहिजे.

१९१७-१८ मध्ये जर्मन वंशाच्या लुथरन मंडळींवर इथे प्रचंड संशय होता. आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी मे १९१८ मध्ये फर्मान काढलं: शाळेत, रस्त्यावर, टेलिफोनवर आणि चर्चमध्येसुद्धा इंग्रजीच बोलायचं. पिढ्यान् पिढ्या जर्मनमधून प्रार्थना करणाऱ्यांना आपल्याच चर्चमध्ये गप्प बसावं लागलं. युद्धात भाग न घेणाऱ्या मेनोनाइटांच्या चर्चना काही ठिकाणी पिवळा रंग फासला गेला. त्या काळात अनेक लुथरन चर्चमध्ये झेंडा आला तो आम्ही देशद्रोही नाही हे दाखवण्यासाठी, भीतीपोटी.

म्हणून प्रत्येक चर्चने आपला झेंडा कधी आणि कसा आला हे शोधावं. जुन्या मिनिट-बुकात सापडतं. रानजाई, तुमच्या पट्टीवरून तुमचा स्मरणार्थ आला असं दिसतंय, ते चांगलंच आहे.

आणि जर्मनीत १९३३ नंतर काय झालं ते माहीतच आहे. "जर्मन ख्रिस्ती" म्हणवणाऱ्या गटाने नाझी झेंडे थेट वेदीपर्यंत नेले. मे १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्यात विरोधातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट सांगावं लागलं की चर्चचा प्रभू एकच.

टाकसाळ:

कंदील, आयोवाची माहिती मोलाची आहे. पण नाझींची तुलना मला मान्य नाही. आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कमिटीत हे उदाहरण कुणी काढलं तर त्यापुढे कुणी कुणाचं ऐकणार नाही.

कंदील:

तुमच्या ज्येष्ठांना मी त्या रांगेत बसवत नाहीये. वेदीजवळची जागा राष्ट्राला दिली की ती पुढे कोण वापरेल हे आपल्या हातात राहत नाही, एवढंच म्हणणं आहे. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर, म्हणजे संसद भवनावर, जमाव चालून गेला तेव्हा हाच ख्रिस्ती ध्वज सिनेटच्या सभागृहात नेला गेला. ओव्हर्टनच्या संडे स्कूलमधल्या मुलांसाठी सुचलेला झेंडा. मला ते बघवलं नव्हतं. पण कमिटीत हे काढू नका, यावर सहमत.

वाटसरू:

सरकारी खांबावर धर्माचा ध्वज, हा उलटा प्रश्नही न्यायालयात जाऊन आलाय. बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर तीन खांब आहेत, त्यातला एक शहर वेगवेगळ्या संस्थांना कार्यक्रमापुरता द्यायचं. १२ वर्षांत २८४ वेळा परवानगी दिली, एकदाही नाकारली नाही. २०१७ मध्ये एका संस्थेने ख्रिस्ती ध्वज मागितला तेव्हा पहिल्यांदा नाकारली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा निकाल शहराविरुद्ध दिला: खांब सगळ्यांना मोकळा ठेवलात, मग धर्माचा म्हणून एकालाच नाही म्हणता येत नाही. त्या ऑगस्टमध्ये ध्वज फडकला आणि शहराने पुढचे नियम बदलले.

चर्चच्या आत मात्र सगळं तुमच्यावर आहे. ना सरकार लावायला सांगू शकतं, ना काढायला. म्हणून तर हा निर्णय जड जातो, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. अडचण जोडीची आहे. दोन झेंडे पुलपिटाच्या दोन बाजूंना उभे केले की एकाला मोठं आणि एकाला धाकटं करावंच लागतं, आणि मग दर रविवारी कुणीतरी दुखावतं. जोडी सोडवली की दोघांनाही आपापला अर्थ परत मिळतो.

मी असं मांडणार आहे. राष्ट्रध्वज प्रवेशाच्या दालनात, दारातून आत आल्या आल्या दिसेल असा. बैठकीवरची पट्टी स्वच्छ करून, जुन्या नोंदींतून नावं शोधून, ती नव्याने कोरून भिंतीवर नजरेच्या उंचीवर. खाली एक वही, आज सैन्यात असलेल्या मुलामुलींची नावं लिहायला. ती नावं रविवारच्या प्रार्थनेत मोठ्याने घ्यायची, आतापर्यंत आम्ही तेही करत नव्हतो. मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या (युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या) आणि ११ नोव्हेंबरच्या माजी सैनिक दिनाच्या जवळच्या रविवारी उपासनेआधी दालनात सगळ्यांनी थांबायचं.

ख्रिस्ती ध्वज संडे स्कूलच्या खोलीत राहील. उन्हाळ्यातल्या बायबल शाळेत मुलं एका ओळीत उभी राहून आधी देशाच्या झेंड्याची, मग ख्रिस्ती ध्वजाची, मग बायबलची प्रतिज्ञा म्हणतात. तो क्रम बदलायचा का, हा वाद मी या वर्षी काढणार नाही.

टाकसाळ:

पुलपिटाजवळ झेंडा असावा असं माझं मत अजूनही आहे. पण नावं मोठ्याने वाचणार असाल, तर तुमच्या ठरावाला मी कमिटीत असतो तर हात वर केला असता. एक विनंती: मतदानाआधी त्या पट्टीवरच्या घरांपैकी जे कुणी अजून मंडळीत आहेत, त्यांच्या घरी जाऊन बोला. सभेत त्यांना पहिल्यांदा कळता कामा नये.

दीपमाळ:

+१. आणि जाताना एकट्या जाऊ नका, पाळकांना सोबत घ्या.

पिंपळपान:

बाहेरच्या आवारातही खांब आहे का? असेल तर त्याचं काय?

रानजाई:

आहे, पार्किंगजवळ एक खांब आहे, त्यावर फक्त राष्ट्रध्वज लागतो. त्यावर वाद नाही. मात्र रात्री तो तसाच राहतो आणि दिवा बंद पडलाय.

उंबरा:

मग दिवा आधी दुरुस्त करा. कोडप्रमाणे बाहेरचा ध्वज सूर्योदय ते सूर्यास्त. रात्रभर ठेवायचा असेल तर त्यावर उजेड हवा. ज्येष्ठांकडे प्रस्ताव घेऊन जायच्या आधी हे काम झालेलं असू द्या, झेंड्याची काळजी तुम्हालाही आहे हे त्यांना न सांगता कळेल.

दालनासाठी काठीची उंची छतापेक्षा बऱ्यापैकी कमी घ्या, नाहीतर गरुड छताला लागतो आणि काठी तिरकी ठेवावी लागते. दारातून आत येणाऱ्याला झेंडा स्वतःच्या डाव्या हाताला दिसावा. आणि कापड जीर्ण झालं असेल तर ते कचऱ्यात टाकू नका. कोड सन्मानपूर्वक जाळायला सांगतो, आणि माजी सैनिकांच्या संघटना तो विधी करतात. तुमच्या त्या नौदलातल्या काकांना विचारा, त्यांना कुणाकडे न्यायचा ते ठाऊक असेल.